जुन्या दोन-सीटर गाडीला पावसाचे टायर कसे घ्यावेत

गाडी माझी २००८ ची मर्सिडीज एसएलके २०० आहे. दोन सीट, इंजिन पुढं, ओढ मागच्या चाकांना, आणि बटण दाबलं की छप्पर घडी होऊन डिकीत जातं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं जॉबवर्कचं शेड आहे, तीन लेथ आणि एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन. त्यामुळे टेंपो घ्यायचा सोडून हिनं हे काय आणलं, असं बऱ्याच जणांना वाटलं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "दोघंच बसणार, तर मग मोटारसायकल काय वाईट होती?" ह्याला सहा वर्षं झाली, उत्तर अजून सापडलेलं नाही.

ह्या सहा वर्षांत सगळ्यात जास्त शिकले ते टायरबद्दल, आणि शिकायची सुरुवात चुकीपासून झाली.

गाडी आली तेव्हा तिच्यावर १७ इंची रिम होत्या. दिसायला झकास, पण साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, इतकी बुटकी की रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट दातात वाजायचा. म्हणून मी कंपनीच्याच १६ इंची रिम शोधत होते. पुण्यात जुन्या अलॉयच्या एका दुकानात चार मिळाल्या, परदेशातून आलेल्या, आणि त्यांच्यावर टायर चढवलेलेच होते. नक्षी जवळजवळ नवी. "टायर फुकट घ्या ताई," दुकानदार म्हणाला. फुकट ते पौष्टिक! नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा, आणि रबर अंगठ्यानं दाबलं तर दबत होतं. मला वाटलं, मऊ रबर, एवढ्या चिरा, पावसाला ह्याहून चांगलं काय असणार?

एप्रिलमध्ये चढवले. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढच्या वळणांवर गाडी अशी वागायला लागली, जशी मी ओल्या पायात स्लिपर घालून पळतेय. स्टिअरिंग वळवलं की आधी रबर वळायचं, मग गाडी. मे महिन्यात वळीव पडला त्या संध्याकाळी ब्रेक मारला, तर गाडी माझ्या अंदाजापेक्षा बरीच पुढं जाऊन थांबली. समोरच्या वडापच्या जीपच्या मागच्या काचेवरचं सगळं वाचून झालं, शेवटी लिहिलेल्या मालकाच्या पोरांच्या नावांसकट.

भाचा जर्मनीत स्टुटगार्टला असतो. त्याला साईडवॉलचा फोटो पाठवला. तिथं तीन शिखरांचा एक डोंगर छापला होता आणि त्याच्या आत बर्फाची चांदणी. त्याचा लगेच फोन. "मावशी, हे विंटर टायर आहेत. गाडी फ्रिजमध्ये चालवणार आहेस का?"

त्यानं जे समजावलं ते थोडक्यात असं. टायरचं रबर थंडीत कडक होतं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरची पकड कमी व्हायला लागते, म्हणून विंटर टायरचं मिश्रणच वेगळं असतं. ते गोठणबिंदूच्या खालीही लवचीक राहतं आणि त्या बारीक चिरा बर्फाला दातासारख्या धरतात. पण हेच रबर गरम रस्त्यावर गरजेपेक्षा जास्त मऊ होतं. ठोकळे लचकतात, भराभर झिजतात, आणि उबदार हवेत ब्रेक मारल्यावर गाडी उशिरा थांबते, रस्ता कोरडा असो की ओला. आपल्याकडं डिसेंबरात कितीही हुडहुडी भरली तरी पारा बारा-चौदाच्या खाली क्वचितच जातो. म्हणजे कोल्हापुरात विंटर टायरचा एकही दिवस येत नाही.

मग युरोपातला माणूस ऑक्टोबर आला की टायर बदलतो, तसा आपला ऋतू कुठला? वळवापासून परतीच्या पावसापर्यंतचा. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस, आणि इथून पंचावन्न किलोमीटरवर गगनबावड्याला पाच हजारांच्या वर. एकाच टायरनं सकाळी उद्यमनगर आणि दुपारी भुईबावड्याचा घाट. तेव्हा आपल्याला टायर घ्यायचे ते पाण्यासाठी. आता पुढं मी ते कसे घेतले, ते सांगते. एसएलकेच असली पाहिजे असं नाही. जुनी बॉक्स्टर असो, झेड ४ असो, टीटी असो, हिशेब तोच.

आधी आहे त्या टायरचं वय बघा

रोजच्या गाडीचे टायर झिजून मरतात. आपल्या गाडीचे म्हातारे होऊन मरतात. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीची नक्षी दहा वर्षांनीही शाबूत दिसते, आणि इथंच माणूस फसतो. माझ्या १७ इंची जोडीवर सहा मिलिमीटर नक्षी होती. टायरवाले मामा म्हणाले, "ताई, ह्येला काय हुतंय, अजून दोन पावसाळं आरामात."

साईडवॉलवर डीओटी ह्या अक्षरांनंतर जी ओळ येते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. काही वेळा हे चार आकडे टायरच्या फक्त एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेलेली असते. मग गाडीखाली वाकून मोबाईलनं फोटो काढायचा. माझ्या टायरवर २३१४ च होतं. तोवर नऊ वर्षं झालेली.

उद्यमनगरात राहण्याचा एक फायदा म्हणजे शेजारी सगळ्या प्रकारचे लोक असतात. आमच्या गल्लीत रबर मोल्डिंगवाले आहेत, त्यांच्याकडं ड्युरोमीटर आहे, रबराचा कडकपणा शोर ए ह्या मापात सांगणारा. नव्या मोटारीचा टायर साधारण पासष्ट-सत्तरच्या आसपास दाखवतो. माझ्यानं ८४ दाखवला. मोल्डिंगवाले म्हणाले, हे रबर नाही, हे बूच आहे. त्या सहा मिलिमीटर नक्षीचा मला काही उपयोग नव्हता, कारण पाणी बाजूला सरल्यावर रस्त्याला धरायचं काम रबरालाच करावं लागतं.

तुमच्या गल्लीत ड्युरोमीटर नसेल तर नखानं बघा. नक्षीच्या ठोकळ्यात नख रुतत नसेल आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा असतील, तर आकडे वाचायचीही गरज नाही. माझा नियम सहा वर्षांचा. सहा झाली की पावसाळ्यापूर्वी बदलायचे, नक्षी कितीही असली तरी.

नक्षी मोजायला मी व्हर्निअरची मागची काडी वापरते, तुम्ही कुठलाही डेप्थ गेज वापरा. खाचांमध्ये मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांना टेकली की कायद्यानं टायर संपला. पण पाण्यात तो कितीतरी आधी संपलेला असतो. तीन मिलिमीटरच्या खाली मी जुलैत घाट उतरत नाही. आणि मोजताना तीन ठिकाणी मोजा: बाहेरची कड, मध्य, आतली कड. आतली कड तर हात घालून चाचपाच, किंवा गाडी रॅम्पवर चढवून बघा. जुन्या गाडीचे सस्पेन्शनचे बुश, म्हणजे सांध्यांतले रबरी तुकडे, सैल झालेले असतात, चाकं वरच्या बाजूनं आत कलतात आणि टायर आतूनच खातात. माझ्या मागच्या उजव्या टायरला बाहेरून पाच मिलिमीटर होती आणि आतल्या कडेला तार दिसत होती. बाहेर उभं राहून बघणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं.

माप

पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. माझ्या गाडीला पुढं २०५/५५ आर १६ आणि मागं २२५/५० आर १६. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा साईडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा व्यास इंचात. गणित करून बघितलं: पुढच्याचा पूर्ण व्यास ६३१.९ मिलिमीटर, मागच्याचा ६३१.४. अर्ध्या मिलिमीटरचा फरक! जर्मनीत कुणीतरी हे बसून जुळवलंय, आणि त्याला कारण आहे. ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी एबीएस आणि घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी ही चारही चाकांच्या फिरण्याचा वेग सतत ताडून बघत असतात. पुढचं-मागचं प्रमाण बिघडलं की त्यांना वाटतं एखादं चाक घसरतंय. म्हणून "मागं २२५/५५ टाकू, सहज मिळतंय" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

रुंदीचा मोह मात्र आपला आपल्यालाच आवरावा लागतो. जुन्या स्पोर्ट्स गाडीवर आधीच्या मालकानं रुंद टायर टाकलेले असतातच, ती एक पद्धतच आहे. कोरड्यात मजा येते. पाण्यात रुंद टायर म्हणजे पसरट होडी: तेवढंच वजन मोठ्या जागेवर विभागलं जातं आणि पुढचं पाणी बाजूला सारायला जास्त वेळ लागतो. त्यात आपल्या गाड्या हलक्या. म्हणून तुमच्या गाडीला कंपनीनं दोन-तीन मापं मंजूर केली असतील, तर त्यातलं सगळ्यात अरुंद आणि सगळ्यात छोट्या रिमचं घ्या. माझ्या १७ इंचीला मागं २४५/४० होतं, साईडवॉल ९८ मिलिमीटर. आता २२५/५० ला साडेएकशे बारा. ह्या चौदा-पंधरा मिलिमीटरनी राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या सहापदरीकरणाच्या कामातून माझ्या दोन रिम तरी वाचवल्या असतील.

रिम बदलणार असाल तर चार गोष्टी तपासा: बोल्टचं वर्तुळ (मर्सिडीजला पाच बोल्ट, ११२ मिलिमीटर), मधलं भोक, ऑफसेट (रिम हबवर किती आत-बाहेर बसते ते), आणि ब्रेकचं कॅलिपर आत मावतंय का. जास्त ताकदीच्या इंजिनाच्या गाडीला ब्रेक मोठे असतात, तिथं छोटी रिम बसतच नाही. मधलं भोक मोठं असेल तर सेंटरिंग रिंग लागते. ती प्लॅस्टिकची मिळते, मी आमच्याच शेडमध्ये ॲल्युमिनिअमची वळवून घेतली. हौस.

मापाच्या पुढं ९१ व्ही, ९२ व्ही असं काहीतरी असतं. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९२ म्हणजे ६३०. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर, एच म्हणजे २१०. "आपण कुठं २४० नं जाणार?" खरंय, पण हे अक्षर टायरची बांधणी किती उष्णता सोसते ते सांगतं. मॅन्युअलमध्ये आहे त्याच्या खाली जाऊ नका.

मागचे आधी शोधा

पुढचे-मागचे वेगळ्या मापाचे असतील तर हा सगळ्यात उपयोगी सल्ला समजा. २०५/५५ आर १६ कोल्हापुरात कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतो, कारण तो ऑक्टाव्हियाला लागतो, कोरोला अल्टिसला लागतो. २२५/५० आर १६ कुणालाच लागत नाही. मी आधी पुढचे दोन आवडले म्हणून ठरवून टाकले आणि मग कळलं की त्या नक्षीत मागचं मापच येत नाही. पुढं एका कंपनीचे, मागं दुसऱ्या, असं मागच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीला करू नये. ओल्या वळणावर पुढचे धरून ठेवतात आणि मागचे सोडतात, आणि मग गाडी स्वतःची शेपूट बघायला निघते. तेव्हा आधी मागच्या मापात काय-काय मिळतंय त्याची यादी करा, मग त्यातल्या कुठल्या नक्षीत पुढचं माप आहे ते बघा. माझ्या यादीत शेवटी दोनच नावं उरली. निवड करायचं टेन्शनच गेलं.

जून २०२० मध्ये सरकारनं टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, तेव्हापासून अशा आडमापांसाठी थांबायची तयारी ठेवावी लागते. फेब्रुवारीत शोधायला लागा, म्हणजे वळवाच्या आधी चाकं तयार होतात. मला सात आठवडे लागले.

न खपणाऱ्या मापाचा धोका दुसराही आहे: ते गोडाऊनमध्ये पडून असतं. पहिल्यांदा आलेली जोडी बघायला गेले तर कोरी करकरीत, अंगावर रबराचे केस तसेच, आणि तारीख साडेचार वर्षांपूर्वीची. दुकानातला पोरगा म्हणाला, "वापरलेला न्हाई म्हटल्यावर नवाच की ओ ताई." आत ठेवलेला टायर उन्हातल्यापेक्षा हळू म्हातारा होतो हे मान्य. पण माझी गाडी तशीही टायर सहा वर्षं वापरणार, त्यातली साडेचार दुकानातच गेलेली मला परवडत नाहीत. आता ऑर्डर देतानाच सांगते: एक वर्षाच्या आतला माल, आणि पैसे द्यायच्या आधी चारही टायरच्या तारखांचे फोटो. ह्या अटीवर मामा थोडे रुसले होते. नंतर त्यांनीच तो नियम बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली, स्वतःचा म्हणून.

नक्षी आणि अंगावरची अक्षरं

नक्षी तीन प्रकारची. व्ही आकाराची, बाणासारखी, जी एकाच दिशेनं फिरवायची असते. वेगवेगळ्या बाजूंची, जिच्यावर बाहेरची बाजू कुठली ते छापलेलं असतं. आणि दोन्हीकडून सारखी. पाणी फेकायला व्ही नक्षी उत्तम, पण पुढं-मागं माप वेगळं असलं की ती चाकं कुठंच फिरवता येत नाहीत. पुढचं मागं जात नाही, आणि डावं उजवीकडं नेलं तर बाण उलटा होतो. वेगवेगळ्या बाजूंची नक्षी घेतली तर निदान डावं-उजवं बदलता येतं. मी तीच घेतली. तिला चाकाच्या परिघाला समांतर चार रुंद सरळ नाल्या आहेत. दुकानात टायर उभा करून समोरून बघा. मधल्या नाल्यांत करंगळी आरामात बसली पाहिजे. ट्रॅकच्या हौसेसाठीचे जे जवळजवळ सपाट टायर मिळतात, ते पावसात घेऊन जाण्यापेक्षा गाडी घरी ठेवलेली बरी. आमच्याकडं गाडीवेडी पोरं पुष्कळ आहेत, ती माझ्याशी ह्यावर भांडतात. भांडू देत.

भारतात ऑक्टोबर २०२२ पासून नव्या डिझाइनच्या टायरांना ओल्या रस्त्यावरची पकड, फिरण्यातला विरोध आणि आवाज ह्या तिन्हींचे किमान निकष पाळावे लागतात. पण ते किमान झाले. तुलना करायला साईडवॉलवरची ट्रॅक्शनची श्रेणी बघा, बऱ्याच टायरांवर असते: एए सगळ्यात वर, मग ए, बी, सी. ही श्रेणी ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून ठरवतात, म्हणजे नेमकं आपल्या कामाचं. तिच्या शेजारी ट्रेडवेअरचा आकडा असतो, तो जितका मोठा तितका टायर जास्त टिकतो. रोज पुणे गाठणाऱ्याला तो महत्त्वाचा. आपले टायर वयानंच जाणार आहेत, तर टिकाऊपणाला पैसे कशाला मोजायचे? कमी ट्रेडवेअर, जास्त ट्रॅक्शन. आणि आयएसआयची खूण आहे ना, ते बघून घ्या.

कंपनी कुठली घेतली, हे मी सांगत नाही. तुमच्या मापात ती नक्षी असेलच असं नाही, आणि माझ्या दिरानं एकदा माझं ऐकून मिक्सर घेतला होता, ते अजून ऐकवलं जातं.

चढवताना

मी दुकानात उभी राहते. पहिल्यांदा पोरांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि "बसा वहिनी, दहा मिनिटांत होतंय" म्हणाले. मी पिशवीतून टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं बोल्ट आवळायचा पाना, काढल्यावर वहिनीची मॅडम झाली.

हवेच्या गननं बोल्ट आवळू देऊ नका. बोल्ट ताणले जातात, ब्रेकची डिस्क वाकडी बसते, आणि रस्त्यात चाक काढायची वेळ आली तर तुमच्या पान्यानं ते सुटत नाहीत. हातानं लावायचे, चांदणीच्या क्रमानं, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. हबवरचा गंज वायर ब्रशनं काढून घ्या, जुन्या गाडीला तो असतोच. व्हॉल्व्ह नवे टाका, ते काही महाग नसतात. बॅलन्सिंगची वजनं अलॉयला आतून चिकटवायची लावा, कडेला ठोकायची नकोत. अलाइनमेंट करून घ्या आणि कागद मागा. आतली कड खाल्लेली असेल तर आधी बुश बदला, मग टायर. उलट केलं तर नवे टायरही तसेच जातात.

बजेट दोनच टायरचं असेल तर नवे मागं. ओढ पुढच्या चाकांना असली तरीही मागंच. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलला की बहुतेक वेळा ताब्यात येते. मागचे घसरले तर ती गरकन फिरते, आणि घाटात फिरायला जागा नसते.

नव्या टायरवर साच्यातून सुटायला लावलेल्या रसायनाचा थर असतो. पहिले दोनशे किलोमीटर सबुरीनं चालवा. म्हणूनही ते पावसाच्या आधी चढवायचे.

हवा

इथं एक सूत्र सांगते, कारण मला ते फार आवडतं. नासानं १९६० च्या दशकात विमानाच्या चाकांवर काम करताना काढलेलं. साचलेल्या पाण्यावर गुळगुळीत टायर कुठल्या वेगाला रस्ता सोडून तरंगायला लागतो? हवेच्या दाबाचं, पीएसआयमध्ये, वर्गमूळ काढा आणि साधारण १६.७ नं गुणा. ३२ पीएसआयला येतात ताशी ९४ किलोमीटर. हवा कमी होऊन २४ झाली तर ८२. चांगली नक्षी पाणी बाहेर काढते म्हणून तेवढी सवलत मिळते, पण खोल पाण्यात नक्षीही भरून जाते. शिरोलीच्या पुढं महामार्गावर वळणरस्त्यांच्या कडेला जी तळी साचतात, तिथं मी साठच्या वर जात नाही.

तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की हवा साधारण एक पीएसआय कमी होते. एप्रिलच्या ३८ अंशांत भरलेली हवा जुलैच्या २३ अंशांत अडीच-तीन पीएसआयनं कमी दाखवते, गळती नसतानाही. म्हणून पाऊस सुरू झाला की परत तपासा, सकाळी, चाकं गार असताना, स्वतःच्या गेजनं. पंपावरचे गेज एकमेकांशी सहमत नसतात. नायट्रोजन भरा, नका भरू. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

गाडी आठवड्यातून एकदा बाहेर निघते आणि एरवी उभी असते, त्यामुळे टायर खालून चपटे पडतात. महिनाभर काढणार नसाल तर तीन-चार पीएसआय जास्त भरा आणि दर पंधरा दिवसांनी अर्धा वेढा पुढं ढकला.

टायर कितीही चांगले असले तरी वळवाच्या पहिल्या अर्ध्या तासात बाहेर पडू नका. वर्षभराची धूळ, ऑइल, उसाच्या ट्रॉल्यांनी गळित हंगामात रस्त्यावर आणलेली शेतातली माती, सगळं वर येतं आणि साबण होतो. आणि पुराचं पाणी हा टायरचा विषयच नाही. ह्या गाड्यांची हवा घ्यायची वाट इतकी खाली असते की गुडघाभर पाण्यात इंजिन पाणी ओढतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की माझी गाडी स्टँडवर चढते. २०१९ आणि २०२१ बघितलेल्या माणसाला ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची गरज वाटत नाही.

परदेशातल्या भाच्यांसाठी

आपली बरीच पोरं तिकडं आहेत आणि पहिल्या पगारातून जुनी दोन-सीटर घेतात, म्हणून माझ्या भाच्यानं सांगितलेलं इथं देते. जर्मनीत तारखेची सक्ती नाही, रस्त्यावर बर्फ असेल तेव्हा विंटर टायर असलेच पाहिजेत असा नियम आहे. लोक ऑक्टोबर ते ईस्टर असं धरून चालतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम अधिक एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) छापलेलं तिथं चालत नाही, डोंगर आणि चांदणीच हवी. ऑस्ट्रियात स्कीईंगला जाणार असाल तर नक्षी किमान चार मिलिमीटर. मागच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीला चारही विंटर टायर, दोन कधीच नाहीत. तिथंही अरुंद मंजूर माप बरं, ते बर्फ चिरून खाली जातं. वेगाचं अक्षर गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असलं तर विंटर टायरला चालतं, फक्त डॅशबोर्डवर तसा स्टिकर लावावा लागतो. भाचा आता रिमचा दुसरा सेटच ठेवतो, म्हणजे दर हंगामात टायर उतरवायला-चढवायला नकोत.

माझे ते फुकटचे चार विंटर टायर अजून शेडमध्ये आहेत. कास्टिंग उतरवताना ट्रकखाली टाकतो. मऊ असल्यामुळे जॉबला खरचटत नाही.

एक राहिलं. चाकं बसवल्यावर शंभर किलोमीटरच्या आत बोल्ट पुन्हा टॉर्कला लावून बघा. मी पहिल्या फेरीला गगनबावडा रोडनं जाते आणि येताना कळ्याला चहाला थांबते, रेंच सीटच्या मागं असतो. मागच्या वेळी वीसपैकी एक बोल्ट पाव फेरा फिरला.